गच्चीवर सोलर, नळाला गार पाणी: एका सोसायटीची पूर्ण केस

२०२२ ची नरक चतुर्दशी, पहाटेचे पाच वाजून गेलेले. आमच्या दोन्ही बिल्डिंगची लाईट एकदम गेली. कोणी तेल लावून बसलेलं, कोणाचं उटणं अंगावर, मुलं अंधारात रडतायत, आणि खाली ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडालेला. कारण शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. ८८ फ्लॅट, त्यातले निम्म्याहून जास्त गीझर एकाच वेळी चालू, एक गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे शंभर किलोवॅटचा लोड पाच-दहा मिनिटांत चढला. पण मला त्या दिवशी दुसरीच गोष्ट खुपली ती अशी की याच बिल्डिंगच्या गच्चीवर प्रत्येक विंगला ५,००० लिटरची सोलर गरम पाण्याची सिस्टीम आहे, ती बसवली म्हणूनच बिल्डिंगला परवानगी मिळाली, आणि तरी अभ्यंगस्नानाला सगळा भार विजेवर.

तेव्हा मी नुकतीच खजिनदार झाले होते. पुढची तीन वर्षं या एका विषयात गेली म्हटलं तरी चालेल, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. ज्यांच्या सोसायटीत हेच चाललंय (आणि पुणे परिसरात अशा सोसायट्या मला पावलोपावली भेटल्या) त्यांच्या कामाला येईल.

आधी बिल्डिंगबद्दल. पुण्याच्या पश्चिमेला, पार्किंगवर अकरा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, अशा दोन विंग. ताबा २०१४ चा. त्या वेळच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे सोलर वॉटर हीटर बंधनकारक होता, आणि आता २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या युनिफाईड डीसीपीआरमध्येही (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या बिल्डिंगला सोलर वॉटर हीटर किंवा छतावरची सोलर वीज, दोनपैकी एक करावंच लागतं. नियम चांगला आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. छताने किती वजन पेललं पाहिजे, गरम पाण्याची वेगळी लाईन पाहिजे, ऊन येणारी मोकळी जागा पाहिजे, असं बरंच त्यात लिहिलेलं असतं. मात्र या सगळ्याचा भर बसवण्यावर. भोगवटा पत्र मिळालं की प्रकरण मिटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या बादलीत गरम पाणी पडतं का, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं ते भंगार विकून टाका, तांबं आहे, चांगले पैसे येतील, आणि त्या जागी सोलर पॅनल लावा, बिलच शून्य होईल. सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो ताई, दरवर्षी पंधरा-वीस हजार मेंटेनन्सला जातात आणि वरच्या चार मजल्यांशिवाय कोणाला उपयोग नाही, बाकीच्यांनी का भरायचे?" प्रश्न रास्तच होता. आठव्या मजल्यापासून वरच्यांना गरम पाणी मिळायचं आणि सातव्यापासून खालच्यांना नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, पण का ते कोणालाच नाही. मी एवढंच मागितलं की विकण्याआधी तीन महिने द्या, आधी ते का चालत नाही ते बघू.

मग शोध सुरू झाला. एक अनुभवी प्लंबर दादा मिळाले, ज्यांनी बरीच वर्षं असल्याच सिस्टीमवर काम केलंय. त्यांनी पहिल्या दिवशी काही उघडलं नाही, दुपारी दोन वाजता गच्चीवर जाऊन कलेक्टरच्या, म्हणजे उन्हात पाणी तापवणाऱ्या पेट्यांच्या, प्रत्येक रांगेच्या वरच्या पाईपला नुसता हात लावत फिरले. चालू रांगेचा पाईप हाताला सोसवत नाही, बंद रांगेचा कोमट. ए विंगच्या ५० कलेक्टरपैकी १९ बंद निघाले. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत बोअरचं आणि टँकरचं पाणी, ते जड, क्षाराचं. जुन्या घरात तांब्याच्या बंबाला आतून जसा पांढरा थर बसायचा तसाच थर कलेक्टरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत बसतो, फक्त बंब आपण घासायचो आणि हे कोणी नऊ वर्षांत एकदाही घासलं नव्हतं.

पण १९ बंद म्हणजे ३१ चालू. मग ३१ कलेक्टरचं गरम पाणी जातं कुठे? खरी गंमत इथून पुढे आहे, आणि मला वाटतं बहुतेक सोसायट्यांचा घोटाळा इथेच असतो.

गरम पाण्याची लाईन गच्चीवरून डक्टमधून सरळ खाली येते, एका लाईनवर अकरा बाथरूम. पाईप आतून ३२ मिलिमीटरचा, म्हणजे एका मीटरमध्ये साधारण ०.८ लिटर पाणी मावतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत जवळपास ३० मीटर धरा, तर २४ लिटर पाणी नुसतं पाईपमध्ये उभं असतं, गच्चीवरचा आडवा पाईप वेगळा. रात्रभरात ते सगळं गार होतं. म्हणजे पहाटे साडेपाचला नळ उघडणाऱ्या खालच्या माणसाला दीड-दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं तेव्हा कुठे गरम येतं, आणि ज्या गावात टँकर विकत घ्यावा लागतो तिथे कोण दोन बादल्या सोडून देणार? तो गीझरचं बटण दाबतो. आणि खालचे सगळे गीझर लावतात म्हणून लाईनमधलं पाणी हलतच नाही, हलत नाही म्हणून आणखी गार राहतं, म्हणून सहाव्या-सातव्या मजल्यावरचे पण हळूहळू गीझरवर जातात. नऊ वर्षांत हे असं एकेक मजला वर सरकत गेलं. जुन्या रहिवाशांना विचारलं तर तेही म्हणाले की सुरुवातीला पाचव्या मजल्यापर्यंत येत होतं.

याला उपाय म्हणजे रिटर्न लाईन. खालच्या टोकापासून एक बारीक पाईप परत वर टाकीत न्यायचा आणि छोट्या पंपाने पाणी फिरवत ठेवायचं, की नळ उघडल्या उघडल्या गरम. हॉटेलात असतं ते हेच. बिल्डिंग बांधताना हे टाकायला फार खर्च नाही, नंतर टाकताना मात्र डक्टमध्ये परांची बांधून माणूस उतरवावा लागतो. आमच्याकडे ती नव्हती, कारण ती मागितलेलीच नव्हती.

तिसरा दोष सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात गार पाण्याच्या नळाला दुपारी कोमट पाणी यायचं. काकू म्हणायच्या टाकी तापते हो उन्हाने. टाकी नव्हती तापत. बाथरूममध्ये असा मिक्सर असतो ज्याचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढचा शॉवर किंवा जेट बंद करता येतो, तसं केलं की दोन्ही लाईन आतून जोडल्या जातात, आणि ज्या बाजूचा दाब जास्त तिकडून पाणी दुसरीकडे घुसतं. हे होऊ नये म्हणून दोन्हीकडे नॉन रिटर्न वाल, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लागतो. अकरा मजल्यांत काही ठिकाणी वालच नव्हता, दोन ठिकाणी होता पण दादा म्हणाले, "ताई, वाल उलटा बसवलाय." एका घरातला असा उघडा मिक्सर सगळ्या लाईनचं गरम पाणी गार करून टाकतो. घरोघरी जाऊन ४४ फ्लॅटची बाथरूम तपासली, यात दोन महिने गेले, कारण लोक घरी सापडत नाहीत आणि सापडले तरी "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणून दार लावतात. ज्यांनी बाथरूम नव्याने केलं होतं तिथेच बहुतेक दोष होते, जुने वाल टाईल्सबरोबर काढून टाकलेले.

आणि चौथी गोष्ट आमच्या हातातलीच नाही. शेजारच्या प्लॉटवर नंतर आमच्यापेक्षा पाच मजले उंच टॉवर झाला, आग्नेयेला. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पण सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, सकाळी नऊ-साडेनऊला तर बराच खाली. त्यामुळे थंडीत, म्हणजे नेमकं गरम पाणी लागतं तेव्हा, आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यावर साडेदहापर्यंत सावली. त्या टॉवरची परवानगी नियमाला धरूनच आहे, अंतर पण बरोबर सोडलंय. एक नियम मला सांगतो गच्चीवर ऊन गोळा कर आणि दुसरा नियम शेजाऱ्याला ते ऊन अडवू देतो, आणि दोन्ही एकाच नियमावलीत आहेत, हे मला आजही पटत नाही. आम्ही त्या कोपऱ्यातले बंद पडलेले सात कलेक्टर काढूनच टाकले.

"विकून टाका आणि सोलर वीज लावा" या मुद्द्याचा पण नीट हिशोब केला, कारण तो मूर्खपणाचा मुद्दा अजिबात नव्हता. १०० लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० पर्यंत न्यायला साधारण ४ युनिट लागतात. २ चौरस मीटरचा एक कलेक्टर चांगल्या उन्हात दिवसाला एवढं काम करतो. तेवढ्याच गच्चीवर सोलर वीज लावली तर, किलोवॅटला मधल्या वाटेसकट १० चौरस मीटर धरून, दिवसाला एक युनिटच्या आसपास. म्हणजे पाणी तापवायचं असेल तर त्याच गच्चीवर कलेक्टर कितीतरी पुढे आहे. पण कलेक्टरची उष्णता एप्रिल-मे महिन्यात कोणालाच नको असते, ती वाया जाते, आणि वीज बारा महिने कामाला येते. मग दोन्ही का नको, असा विचार करून गच्ची वाटून घेतली. नव्या नियमात बिल्डरला दोनपैकी एक निवडता येतं आणि पाईपची कटकट नको म्हणून नव्या बिल्डिंगमध्ये वीजच निवडताना मी बघते, ती लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरला जाते, आणि घराघरातला गीझरचा लोड जसाच्या तसा राहतो. दिवाळीच्या पहाटे फ्यूज उडवणारा लोड तोच.

२०२३ च्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ए विंगचं काम मंजूर झालं. त्याआधी आम्ही एक गोष्ट केली जिच्यामुळे पुढची सगळी भांडणं टळली. सोलर टाकीला भरणाऱ्या लाईनवर एक साधं पाण्याचं मीटर बसवलं आणि तीन आठवडे रोज आकडा लिहिला. ५,००० लिटरच्या सिस्टीममधून दिवसाला सरासरी ९०० लिटर वापर होत होता. हा आकडा लिफ्टमध्ये लावला. त्यानंतर "चालतंय की" म्हणणारेही गप्प झाले आणि "भंगार आहे" म्हणणारेही, कारण भंगार असतं तर ९०० पण नसते आले.

काम असं झालं: १९ पैकी १२ कलेक्टर ॲसिडने साफ करून चालू झाले, सात काढले. चार लाईनना रिटर्न पाईप, छोटा पंप, त्याला टायमर पहाटे पाच ते नऊ, आणि थर्मोस्टॅट म्हणजे पाईप गरम असेल तर पंप उगाच चालत नाही. सगळ्या उघड्या गरम पाईपना काळा रबरी फोम. प्रत्येक बाथरूमला दोन नॉन रिटर्न वाल, आणि गीझर असा जोडला की सोलरचं पाणी गीझरमध्येच येतं, पावसाळ्यात ते कोमट असेल तर गीझर फक्त उरलेलं तापवतो. सगळं मिळून सव्वाचार लाख, घरटी दहा हजारांच्या आत.

त्या थंडीत मीटर दिवसाला सरासरी ३,२०० लिटर दाखवायला लागलं. म्हणजे २,३०० लिटर पाणी, जे आधी गीझरवर तापत होतं, ते उन्हावर गेलं. टाकीत सरासरी ५२ डिग्री, खालून येणारं पाणी २३ धरलं, तर रोजचे साधारण ७५ युनिट वाचले, आणि पंपाला एक युनिटसुद्धा जात नाही. एका घराला महिन्याला पन्नासेक युनिट. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण ज्यांचं बिल ३०० युनिटच्या थोडं वर जाऊन महागड्या स्लॅबमध्ये अडकत होतं ते खाली आले. वर्षातले २०० दिवसच धरले आणि युनिटला सरासरी १० रुपये, तरी तीन वर्षांच्या आत पैसे फिटतात. २०२३ च्या दिवाळीला काम अर्धवट होतं, २०२४ च्या दिवाळीला पहाटे लाईट गेली नाही, निदान आमच्या बाजूने तरी कारण मिळालं नाही.

कॉमन मीटरचं थोडक्यात सांगते. तिथे महिन्याला ५,२०० युनिट जात होते. सोसायटीच्या कॉमन मीटरलाही घरगुती दरच लागतो पण ५०० युनिटच्या वरचं सगळं सगळ्यात महाग स्लॅबमध्ये. आधी सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर जो चोवीस तास चालायचा त्याला ऑपरेटरशी बोलून वेळा लावल्या, पार्किंगचे दिवे सेन्सरवर घेतले, तेवढ्यात ४,००० वर आलो. मग २० किलोवॅट सोलर वीज, नेट मीटरिंगवर, म्हणजे जास्तीची वीज महावितरणच्या लाईनला जाते आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे ३ लाख ६० हजार. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला २,४०० च्या आसपास. जास्त मोठी सिस्टीम मुद्दामच घेतली नाही, कारण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण भरतो त्याच्या मानाने कमी. आधी वापर कमी करा, मग पॅनलचा आकार ठरवा, हा क्रम उलटा केलेल्या दोन सोसायट्या मी बघितल्यात, दोघांनीही गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेतली.

आता धोरणाबद्दल, कारण तीन वर्षं हे करताना मला सारखं वाटत राहिलं की यातलं बहुतेक काम नियमाच्या दोन ओळींनी वाचलं असतं. त्याच नियमावलीत पावसाच्या पाण्याचं कलम बघा. तिथे यंत्रणा नुसती बांधून चालत नाही, ती सांभाळली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावायची तरतूद आहे. सांभाळणं हा शब्द तिथे आहे. तोच सोलरला लावायचा. पुणे महापालिका मिळकतकरात गांडूळ खत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल यातला एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते, हे हत्यार तर हातातच आहे. ही सवलत मीटरच्या वार्षिक आकड्याशी जोडली, म्हणजे सोसायटीने वर्षातून एकदा आकडा आणि फोटो टाकायचा, तर एक रुपया जास्त खर्च न होता हजारो बंद सिस्टीम जाग्या होतील. आणि भोगवटा पत्राआधी गच्चीवर जाऊन टाक्या मोजण्याऐवजी सगळ्यात खालच्या मजल्यावरचा नळ उघडून घड्याळ लावायचं, अमुक सेकंदांत अमुक तापमान. एवढं लिहिलं की रिटर्न लाईन, फोम, वाल सगळं बिल्डर आपोआप टाकेल, वेगळं सांगायला नको. ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग घेतलं तर ३, ५, ७ टक्के जास्तीचा एफएसआय (चटईक्षेत्र) मिळतो, तिथे तरी ही चाचणी पहिल्या दिवसापासून ठेवायला काय हरकत आहे.

भिंती आणि स्लॅबमधून येणारी उष्णता हा आणखी मोठा विषय आहे. घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ पासून आहे, छतातून आणि भिंतीतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिच्यात आहेत, २०२२ च्या कायदादुरुस्तीने घरं ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेतही आलीत. आमच्या अकराव्या मजल्यावर मे महिन्यात रात्री दोन वाजता पण स्लॅब तापलेला असतो, आणि कलेक्टरच्या सावलीखालच्या दोन घरांत एसी कमी लागतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. उरलेल्या गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (ऊन परतवणारा टाईल्सच्या तुकड्यांचा थर) करायचा प्रस्ताव आहे, त्याचा खर्च वरच्या चार घरांनी करायचा की सगळ्यांनी, यावर एकमत झालेलं नाही. माझं मत सगळ्यांनी, कारण गच्ची सगळ्यांची आहे आणि गळतीचा खर्चही आपण सगळेच वाटून घेतो.

नवीन घर घेताय त्यांना एकच सांगणं. ताबा घेताना गरम पाण्याच्या लाईनचा नकाशा मागा आणि रिटर्न लाईन आहे का ते विचारा. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत कामातले दोष बिल्डरला भरून द्यावे लागतात, आमचा ताबा २०१४ चा म्हणून आम्हाला तो आधार नव्हता, तुम्हाला आहे, पण पाच वर्षं गीझर लावून गप्प बसलात तर तोही जातो.

बी विंगने ए विंगचे आकडे दोन थंड्या बघितले आणि मग होकार दिला. त्यांच्याकडे अजून दिवसाला हजार लिटरसुद्धा वापर नाही. दोन कोटेशन आलीत, तिसरं आलं की मीटिंग, आणि दादांना मी आधीच सांगून ठेवलंय की डक्टमधलं काम दसऱ्याच्या आत संपलं पाहिजे.